कमी पैशांचा करार आणि स्टॅनले कप: सोडलेले पैसे जातात कुठे?

प्रश्न एडमंटनहून आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॉकीपटू कॉनर मॅक्डेव्हिडने एडमंटन ऑइलर्स या आपल्या संघाबरोबरचा करार वाढवला. फक्त दोन वर्षं, वर्षाला १२.५ मिलियन डॉलर. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी मिनेसोटा संघाने किरिल काप्रिझोव्हला ८ वर्षांचे १३६ मिलियन देऊ केले होते, म्हणजे वर्षाला १७. जगातला सर्वोत्तम मानला जाणारा खेळाडू साडेचार मिलियन कमी का घेतो, हे प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना काही केल्या उमगत नाही. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ असं त्यांचं मत. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणतो, बाबा, याला लॉयल्टी म्हणतात. घरात दोन तट पडलेत आणि निवाड्याला मला बोलावलंय.

निवाडा नंतर देतो. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कुठलं बोलणं किती धरायचं ते कळेल. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागात मी करसल्लागार आहे. अठरा वर्षं झाली. माझ्याकडच्या फायलींत हॉकीपटूंच्या फायली बऱ्याच आहेत, पण त्यातलं एकही नाव तुम्ही ओळखणार नाही. तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळणारी, निम्मा हंगाम एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य हॉकी लीगमध्ये आणि निम्मा खालच्या एएचएलमध्ये काढणारी मुलं. मी एजंट नाही, स्केटिंग तर अजिबात येत नाही. पुण्यात वहिनीला सांगितलं की मी हॉकीवाल्यांचे हिशेब बघतो, तर तिने थेट खडकीच्या धनराज पिल्लेंची चौकशी केली. तेव्हा स्पष्ट करतो: ही बर्फावरची हॉकी. आणि आकडे अमेरिकन डॉलरमध्ये, कारण कॅनडातल्या संघांचे करारसुद्धा त्याच चलनात होतात. १ मिलियन म्हणजे आपले १० लाख.

आता मुद्द्यावर. ‘खेळाडूने पैसे सोडले’ हे वाक्य वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे मालक येतो, तिजोरीत पैसे परत ठेवणारा. एनएचएलमध्ये तसं होत नाही, आणि हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजत नाही.

२००४ पर्यंत या लीगमध्ये पगाराला वरची मर्यादा नव्हती. ती हवी की नको यावरून मालक आणि खेळाडूंची संघटना इतकी भांडली की २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. २००५-०६ पासून सॅलरी कॅप आली: प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ३९ मिलियन. ती वाढत वाढत २०२५-२६ मध्ये ९५.५ वर आली. शिवाय लीगच्या उत्पन्नाचे दोन सारखे वाटे होतात, निम्मे मालकांचे, निम्मे खेळाडूंचे. हे निम्मं काटेकोर जमावं म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के आधीच कापून बाजूला ठेवतात, त्याला एस्क्रो म्हणतात. वर्षअखेर खेळाडूंच्या वाट्याला निम्म्याहून जास्त गेलंय असं दिसलं तर त्यातून मालकांची भरपाई होते. नाहीतर पैसे परत मिळतात. माझ्या क्लायंटांना कुठल्याही करापेक्षा या एस्क्रोचा राग जास्त.

म्हणजे सगळ्या खेळाडूंचा मिळून वाटा ठरलेलाच आहे. पंगतीत तुम्ही दोन जिलब्या कमी घेतल्यात तर त्या वाढप्याच्या घरी जात नाहीत, शेजारच्या पानात पडतात. मॅक्डेव्हिडने सोडलेले साडेचार मिलियन एडमंटनच्या कॅपमध्ये मोकळे राहतात आणि त्यातून कुठल्या तरी बचावपटूचा करार होतो. त्याच सुमारास एडमंटनने जेक वॉलमनला ७ वर्षांसाठी वर्षाला ७ मिलियनवर बांधून घेतलं. मॅक्डेव्हिडने १७ मागितले असते तर वॉलमनची बोलणी इतक्या निवांतपणे झाली असती असं मला वाटत नाही.

तर, खेळाडू ‘सूट’ देतो ती मालकाला नव्हे, सहकाऱ्याला. स्टॅनले कपाची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, शक्यता वाढवायचा हाच एक मार्ग त्याच्या हातात असतो.

हॉकीत हा मार्ग इतका महत्त्वाचा का, ते खेळाच्या रचनेतच आहे. टी-ट्वेंटीत एक फलंदाज वीसच्या वीस षटकं उभा राहू शकतो. इथे मॅक्डेव्हिडसारखा घोडाही ६० मिनिटांपैकी २२-२३ मिनिटं बर्फावर असतो. पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावायचं आणि बाकावर परत यायचं. उरलेल्या ३७-३८ मिनिटांत संघ बुडणार नाही याची काळजी दुसरी, तिसरी आणि चौथी फळी घेते, आणि गोली, म्हणजे गोलरक्षक. हंगाम संपला की प्लेऑफ, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्या: एकूण चार, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे, एकूण १६ विजय. दोन महिने असंच. तिसऱ्या फळीत तीन मिलियनचा माणूस हवा तिथे कॅपअभावी आठ लाखांचा पोऱ्या उभा केला, तर ते मे महिन्यात बरोबर उघडं पडतं.

आता आकडा कसा वाचायचा ते सांगतो, कारण वर्तमानपत्रं डॉलर छापतात आणि आम्ही टक्केवारी बघतो. मॅक्डेव्हिडचा १२.५ हा आकडा २०१८-१९ पासून तोच आहे. तेव्हा कॅप ७९.५ होती, म्हणजे तो एकटा संघाच्या जवळपास १६ टक्के खात होता. नवा करार २०२६-२७ पासून लागू होईल, तेव्हा कॅप १०४ असेल. तेच साडेबारा मिलियन, पण आता फक्त १२ टक्के. काप्रिझोव्ह त्याच वर्षी १६ टक्क्यांहून जास्त. नियमाप्रमाणे एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांपर्यंत मागता येतं. ऑक्टोबरात सही करताना ही मर्यादा १९.१ मिलियन होती. तेवढे मागितले असते तर एडमंटनने नाही म्हटलं नसतं.

सिडनी क्रॉसबीचं उदाहरण याहून टोकाचं. ७ ऑगस्ट १९८७ चा जन्म, पाठीवर ८७ नंबर, म्हणून पगार ८.७ मिलियन. २००८-०९ मध्ये तो पिट्सबर्गच्या कॅपच्या १५ टक्क्यांच्या वर होता. २०२४ च्या सप्टेंबरात त्याने पुन्हा दोन वर्षांसाठी सही केली, पुन्हा ८.७ वरच. म्हणजे २०२५-२६ मध्ये जेमतेम ९ टक्के. पण गंमत बघा, तेव्हा पिट्सबर्ग सलग दोन वर्षं प्लेऑफच्या बाहेर होता. कपाची शक्यता हवी असती तर माणूस तिथे थांबलाच नसता. तीन कप (२००९, २०१६, २०१७) घरात आहेत, तेव्हा त्याने पैसे सोडले ते पिट्सबर्गसाठी. मुलाला लॉयल्टी दाखवायची असेल तर ही दाखवा.

नेथन मॅकिननचं नाव या चर्चेत हमखास येतं. २०१६ मध्ये त्याने कोलोराडोशी ७ वर्षं, वर्षाला ६.३ मिलियन असा करार केला. पुढे तो लीगमधल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत गेला आणि ६.३ हा आकडा हास्यास्पद वाटू लागला. २०१९ मध्ये तो जाहीरपणे म्हणाला की संघ एकत्र राहावा म्हणून पुढच्या वेळीही कमी घेईन. २०२२ मध्ये कोलोराडोने कप जिंकला आणि त्याच सप्टेंबरात त्याने सही केली ती वर्षाला १२.६ वर, बरोबर दुप्पट, तेव्हाचा लीगमधला सर्वात मोठा आकडा. लोकांनी टोमणे मारले. मला त्यात दुटप्पीपणा दिसत नाही. २०१६ चा करार त्याग नव्हताच. २० वर्षांच्या, अजून पुरता न बहरलेल्या मुलाने पक्की रक्कम घेतली आणि नंतर ती स्वस्त ठरली, एवढंच. त्यागाची कथा आपण मागाहून लिहिली. आणि कप घरात आल्यावर माणसाची भूक बदलते, ती बदलावी.

खरा अभ्यास करायचा तर मारियन होसाचा करा. माझ्या मते या विषयातलं सगळं त्याच्या तीन उन्हाळ्यांत सापडतं.

२००८ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्याला अटलांटाकडून पिट्सबर्गकडे पाठवलं. फायनलला गेला, डेट्रॉइटकडून हरला. उन्हाळ्यात तो फ्री एजंट, म्हणजे करार संपलेला, कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. एडमंटनने लांब मुदतीची आणि एकूण रकमेत प्रचंड मोठी ऑफर दिल्याच्या बातम्या होत्या. होसाने सही केली डेट्रॉइटशी, ज्यांनी त्याला हरवलं त्यांच्याशीच. एक वर्ष, ७.४५ मिलियन. कारणही त्याने लपवलं नाही, जिंकायची शक्यता इथे जास्त वाटते म्हणाला. जून २००९, फायनल पुन्हा तीच, डेट्रॉइट विरुद्ध पिट्सबर्ग. सातवा सामना डेट्रॉइटच्या घरात. मॅक्स टॅल्बटचे दोन गोल, पिट्सबर्ग २-१ ने विजयी. ज्या संघाला सोडलं त्याने कप उचलला आणि होसा दुसऱ्या बाजूच्या रांगेत हस्तांदोलनाला उभा. ते चित्रण अजून सापडतं, बघा एकदा. माणूस रडत नाही, काही नाही. नुसता पुढच्या हातात हात देत जातो.

त्या उन्हाळ्यात तो शिकागोला गेला. १२ वर्षं, ६२.८ मिलियन. भागाकार केला तर वर्षाला ५.२३. पत्रकार म्हणाले, बघा, पुन्हा कमी घेतलं! आता करार उघडून बघा. पहिली सात वर्षं प्रत्येकी ७.९ मिलियन, आठव्या वर्षी ४, आणि शेवटची चार वर्षं एक किंवा त्याहून कमी. कॅपमध्ये मोजतात सरासरी. खिशात जातो खरा पगार. म्हणजे शिकागोच्या कॅपवर भार सव्वापाचचा आणि होसाच्या खात्यात आठाच्या जवळ. शेवटची वर्षं ही केवळ सरासरी खाली ओढायला लावलेली शेपटी. अशा करारांवर लीग चिडली आणि २०१३ च्या नव्या करारनाम्यात मुदतीला मर्यादा घातली, वर्षावर्षातल्या चढउतारालाही लगाम घातला. पण तोवर होसाने शिकागोकडून २०१० चा कप घेतला होता, २०१३ आणि २०१५ चे पुढे यायचे होते. खरा त्याग केला त्या वर्षी हात रिकामे. हिशेबनीसाला कामाला लावलं तेव्हा तीन कप. यावर मी काही भाष्य करत नाही, माझा धंदाच तो आहे.

पॉल करिया आणि टीमू सेलानेची गोष्ट कॅपच्या आधीची, म्हणून थोडक्यात. २००३ मध्ये ॲनाहाइममधले हे जुने जोडीदार कोलोराडोत एकत्र आले. करियाचा आदल्या हंगामाचा पगार १० मिलियन होता, तो १.२ मिलियनवर आला. करिया दुखापतींमुळे ८२ पैकी ५१ सामनेच खेळला, सेलानेचं गाडं रुळावर आलं नाही आणि संघ दुसऱ्या फेरीत गारद. सेलाने पुढे ॲनाहाइमला परतला आणि २००७ मध्ये कप जिंकला. करियाला तो कधीच मिळाला नाही. २०१७ मध्ये दोघं एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आता तो प्रकार, ज्याबद्दल मला कायम विचारतात: नावाजलेला म्हातारा खेळाडू अचानक किमान पगाराच्या आसपास सही करतो. इथे एक प्रश्न आधी विचारायचा: याला दुसरीकडून चेक येतोय का?

कोरी पेरी घ्या. २००७ मध्ये ॲनाहाइमकडून जिंकलेला. २०१९ मध्ये ॲनाहाइमने त्याचा ६९ मिलियनचा करार दोन वर्षं बाकी असताना बायआउट केला. बायआउट म्हणजे संघ करार मोडतो आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश देतो, पण उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. म्हणजे पुढची चार वर्षं त्याला ॲनाहाइमकडून पैसे येणारच होते. मग तो डॅलसकडे दीड मिलियनवर गेला, २०२० ची फायनल टॅम्पाकडून हरला. मॉन्ट्रियालकडे साडेसात लाखांवर गेला, २०२१ ची फायनल टॅम्पाकडून हरला. शेवटी कंटाळून टॅम्पाकडेच गेला, एका मिलियनवर, आणि २०२२ ची फायनल कोलोराडोकडून हरला. पुढे एडमंटनच्या जर्सीत २०२४ आणि २०२५, दोन्ही वेळा फ्लोरिडाकडून. सहा वर्षांत चार संघांकडून पाच हरलेल्या फायनल. एडमंटनमध्ये राहता, तुम्हाला मी काय सांगू.

ब्रॅड रिचर्ड्सचंही तसंच: न्यू यॉर्क रेंजर्सने २०१४ मध्ये ६० मिलियनचा करार बायआउट केला, तो शिकागोकडे एका वर्षासाठी २ मिलियनवर आला आणि २०१५ मध्ये जिंकला. दोन मिलियनची बातमी झाली. रेंजर्सकडून येणाऱ्या चेकची बातमी कोण करतो? तो हौसेने कमी घेत होता हे खरंच, पण ती हौस दुसऱ्याच्या खर्चाने भागत होती.

ज्यांची बातमी होत नाही त्यांच्याबद्दल सांगतो. दरवर्षी १ जुलैला दुपारी बारा वाजता फ्री एजंटांचा बाजार उघडतो. एका वर्षी मी त्या दिवशी एका क्लायंटच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तेहतीस वर्षांचा बचावपटू, एक गुडघा दोनदा शिवलेला. ओट्यावर बायको कलिंगड कापत होती, मुलं मागच्या अंगणात. एजंटचा फोन स्पीकरवर. दोन ऑफरी आल्या. तळाच्या एका संघाकडून तीन वर्षं, वर्षाला सव्वादोन मिलियन. आणि आदल्या वर्षी फायनलपर्यंत गेलेल्या संघाकडून एक वर्ष, नऊ लाख.

मी पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं. पहिली: पावणेसात मिलियन, आणि एनएचएलचे करार हमीचे असतात, म्हणजे गुडघा तिसऱ्यांदा गेला तरी पैसे येणार. त्यातून ओंटारियोच्या वरच्या टप्प्याचा कर निम्म्याहून थोडा जास्त, एजंटचे साधारण तीन टक्के, सहा टक्क्यांपर्यंत एस्क्रो. हातात तीनच्या आत. दुसरी: हातात चार लाखांच्या आसपास, आणि पुढच्या जुलैत पुन्हा याच ओट्याशी. तो बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिला. मग विचारलं ते कपाबद्दल नव्हतं. म्हणाला, “तीन मिलियनमध्ये आम्ही किती वर्षं काढू?” मी म्हटलं, हेच घर आणि हीच गाडी ठेवलीत तर बरीच. बायकोने कलिंगडाची ताटली मधे ठेवली आणि प्रथमच बोलली: “शाळा बदलावी लागेल?” लागणार होती. तिने मान डोलावली. बारा चाळीसला त्याने तीन वर्षांवाल्या संघाला होकार कळवला.

दुसऱ्या संघाने पुढच्या जूनमध्ये काय केलं ते सांगितलं तर तो कोण हे तुमचे चिरंजीव दहा मिनिटांत शोधून काढतील, म्हणून सांगत नाही. एवढंच सांगतो की माझ्या फायलींत या प्रकारचे निर्णय डझनांनी आहेत आणि मी एकालाही ‘कपाच्या मागे जा’ असा सल्ला दिलेला नाही. २०२५-२६ मध्ये किमान पगार पावणेआठ लाख होता. आकडा मोठा वाटतो. पण तिशीच्या मध्यावर नोकरी संपते आणि पुढे चाळीस वर्षं उरतात. पैसे सोडणं ही चैन आहे, आणि चैन ज्याला परवडते त्यानेच करावी. मॅक्डेव्हिडला परवडते. आधीच्या करारातच त्याला १०० मिलियन मिळालेत.

परवडणाऱ्यांनी केलं तरी फळ मिळेलच असं नाही, याचा दाखला म्हणजे बॉस्टन. २०२२ च्या उन्हाळ्यात पॅट्रिस बर्जेरॉनने अडीच मिलियन मूळ पगारावर आणि डेव्हिड क्रेची यानेही केवळ एका मिलियनवर सही केली, वर बोनस वेगळे. पस्तिशी ओलांडलेल्यांच्या एका वर्षाच्या करारात बोनसचा भार पुढच्या वर्षाच्या कॅपवर ढकलता येतो, ती सोय वापरली. संघ असा जमला की ६५ विजय आणि १३५ गुण, दोन्ही लीगचे विक्रम. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ३-१ आघाडी. मग पाचवा गेला, सहावा गेला. सातव्यात घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटापर्यंत एका गोलने पुढे होते, तिथे बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये कार्टर व्हरहेगीने गोल मारला. त्या उन्हाळ्यात बर्जेरॉन आणि क्रेची दोघंही निवृत्त झाले आणि त्यांच्या बोनसचं साडेचार मिलियनचं बिल पुढच्या हंगामाच्या कॅपवर येऊन बसलं. जागा करायला टेलर हॉलला शिकागोला धाडावं लागलं. पाहुणे गेले, उधारी राहिली.

त्या सामन्यात बॉस्टनकडून खेळणारा ब्रॅड मार्शंड २०२५ मध्ये त्याच फ्लोरिडाकडून कप जिंकला. नंतर त्याने फ्लोरिडाशी सव्वापाच मिलियनवर सही केली आणि पुन्हा ‘कमी घेतलं’चा गजर झाला. तो ३७ वर्षांचा होता आणि करार ६ वर्षांचा आहे! एकूण साडेएकतीस मिलियन. या वयात दुसरीकडे तीन वर्षांचे आठ-आठ मिळाले असते तरी बेरीज चोवीसच. वार्षिक आकडा कमी आणि बेरीज जास्त, हे संघालाही हवं असतं आणि खेळाडूलाही. अशा वेळी त्याग शब्द वापरू नका.

फ्लोरिडाचा विषय निघाला की कर निघतोच. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. ओंटारियोत वरचा दर ५३.५३ टक्के. बाहेरगावच्या सामन्यांचा कर त्या त्या राज्याला द्यावा लागतो, ते धरूनसुद्धा ढोबळ मानाने फ्लोरिडातले ८ मिलियन आणि टोरोंटोतले १० मिलियन हातात सारखेच पडतात. २०२५ मध्ये सॅम बेनेटने तिथे वर्षाला ८ मिलियनवर सही केली तेव्हाही हीच वजाबाकी लागू होती. (साइनिंग बोनसची, म्हणजे सहीबद्दल मिळणाऱ्या रकमेची, वेगळी वाट आहे, ती इथे उघडली तर लेख संपणार नाही. जॉन टवारेसचा बोनसवरचा कराचा वाद टॅक्स कोर्टात गेला, इतकं सांगून थांबतो.)

तरीही ‘करामुळेच फ्लोरिडा जिंकते’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हाच करमुक्त फ्लोरिडा संघ १९९६ पासून २०२२ पर्यंत प्लेऑफची एकही फेरी जिंकला नव्हता. तेव्हा समुद्रकिनारा होता, ऊन होतं, शून्य कर होता, आणि सवलतीत यायला कुणी तयार नव्हतं. आधी संघ चांगला झाला, मग कर गोड लागू लागला.

टॅम्पाच्या स्टीव्हन स्टॅमकोसचं तर दोन ओळींत सांगतो. २०१६ मध्ये बाजार उघडायच्या तोंडावर, इतर संघांना भेटून, शेवटी साडेआठ मिलियनवर टॅम्पातच राहिला. २०२० आणि २०२१ चे कप जिंकला. २०२४ मध्ये चौतिसाव्या वर्षी टॅम्पाशी आकडा जमला नाही आणि तो ८ मिलियनवर नॅशव्हिलला गेला. २०१६ ला केलेल्या उपकाराची परतफेड कुठल्या कलमात लिहिलेली नसते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

खेळाडूंच्या संघटनेलाही असे करार फारसे रुचत नाहीत, ते वेगळ्या कारणासाठी. मॅक्डेव्हिडने साडेबारा घेतले की उद्या कुठलाही मॅनेजर समोरच्या एजंटला विचारणार, तुमचं पोरगं मॅक्डेव्हिडपेक्षा चांगलं आहे का? पण काप्रिझोव्हचे १७ तर आधीच कागदावर आहेत, आणि खुद्द एडमंटनमध्येच लिओन ड्रायसाइटल १४ घेतो. म्हणून हा त्रास मी फार मानत नाही.

आता निवाडा. वडिलांनी साडेचार गुणिले दोन केलं आणि ९ मिलियन गेले म्हटलं. खरं गेलं ते वेगळंच: आठ वर्षांची हमी. दोन वर्षांत मोठी दुखापत झाली तर ते नुकसान ९ मिलियनच्या कितीतरी पट असेल. त्या बदल्यात त्याला काय मिळालं? आखूड मुदत. एडमंटनच्या मॅनेजमेंटला त्याने सांगितलंय की तुमच्याकडे पैसे मोकळे ठेवलेत, २०२६-२७ आणि २०२७-२८ असे दोन हंगाम आहेत, संघ बांधून दाखवा. २०२४ ला सातव्या सामन्यात हरूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी मिळालेला, आणि ती घ्यायला बर्फावर परत न आलेला माणूस आहे हा. स्वस्तात राहतोय, पण दाराची कडी आतून लावलेली नाही. मुलाच्या लॉयल्टीला म्हणून दोन वर्षांची मुदत आहे.

करार संपेल तेव्हा तो ३१ वर्षांचा असेल. २०२७-२८ ची कॅपच ११३.५ वर जाणार असं लीगने सांगून ठेवलंय, पुढे आणखी चढेल. तेव्हा १ जुलै २०२८ ला, टोरोंटोत दुपारचे बारा म्हणजे तुमच्याकडे सकाळचे दहा, त्याआधी काही ठरलं नसेल तर दोघांनीही फोन चार्ज करून ठेवा.